अटी वाचण्याची विद्या

भाची : मामा, आंतरराष्ट्रीय व्यापारात पदव्युत्तर पदवी घ्यावी असे माझ्या मनाने घेतले आहे, परंतु माझी पदवी पडली इतिहासाची, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्यांच्या पंक्तीला मला कोणी बसू देईल की नाही, या शंकेने अर्जाला अद्याप हातही लावलेला नाही.

मामा : म्हणजे माहितीपत्रक न वाचताच स्वतःला नापास करून मोकळी झालीस! केंद्र सरकारने १९६३ साली याच विद्येसाठी दिल्लीत जी भारतीय विदेश व्यापार संस्था स्थापन केली, तिच्या एम.बी.ए.ला कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी आणि ५० टक्के गुण, एवढेच लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के पुरतात. पूर्वी स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असे. २०२४च्या प्रवेशापासून 'कॅट' या सामायिक प्रवेशपरीक्षेचे गुण धरतात, आणि पुढे मुलाखत. 'कॅट'मध्ये इंग्रजीचे आकलन, माहितीचे तर्काने पृथक्करण आणि गणित असे तीन विभाग. जमाखर्चाचा प्रश्न नाही.

भाची : गणिताचे मी पाहीन. पण इतिहास...

मामा : 'कोणतीही शाखा' म्हटल्यावर इतिहास तीत आला. पुढे चल.

भाची : आणि जर्मनीला जायचे म्हटले तर? तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते म्हणे.

मामा : इथे मात्र इतिहासाच्या पदवीविषयीची तुझी शंका साधार आहे. तिकडे पदव्युत्तर अभ्यासक्रम हा बहुधा पदवीच्याच विषयाचा पुढचा टप्पा मानला जातो, आणि म्हणून पुष्कळ विद्यापीठे पदवीच्या एकूण श्रेयांकांवर न थांबता, त्यांतले अमुक इतके अर्थशास्त्राचे व व्यवसायशास्त्राचे असलेच पाहिजेत अशी शर्त घालतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून, आपली प्रमाणपत्रे अस्सल असल्याचा दाखला भारतीय विद्यार्थ्याला 'एपीएस' या कार्यालयाकडून घ्यावा लागतो. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचे गुण दोन वर्षे ग्राह्य, व्यवस्थापनाच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेचे पाच. मुदत पाहून परीक्षेला बस.

भाची : दाखले आणि मुदती सांभाळता येतील हो! इतिहासवालीला जर्मनी बंद, असेच ना?

मामा : एक दार बंद. तिथलेच एम.बी.ए.चे वर्ग बहुधा शाखा विचारत नाहीत, नोकरीचा अनुभव विचारतात. आणि गुणपत्रिकांच्या साक्षांकित नकला आजच मागून ठेव! माझ्या वेळी विद्यापीठाच्या दप्तरातला कारकून 'साहेब रजेवर आहेत' याखेरीज दुसरे वाक्य शिकलाच नव्हता, आणि त्या दिरंगाईत माझा अर्ज मुदतबाह्य झाला. त्या इसमाचे नाव...

भाची : मामा, नकला मागवते. पण प्रवेश मिळाला, तरी वर्गात माझा निभाव लागेल का?

मामा : माझी उभी हयात निर्यातीच्या पेढीत गेली. तिथे बड्या पदवीचे तरुण येत, बाजारपेठांवर व्याख्याने देत, आणि जहाजी पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग समोर ठेवले की कुठे काय पाहायचे हे शिपायाला विचारत! अगं, एलसीवर, म्हणजे बँकेने पैसे देण्याची हमी घेतलेल्या पतपत्रावर, चालणाऱ्या व्यवहारात बँक माल पाहतच नाही, केवळ कागद पाहते. २००७ पासून अमलात असलेल्या 'यूसीपी ६००' या नियमावलीप्रमाणे कागद तपासायला बँकेला फार तर पाच कामकाजाचे दिवस असतात, आणि तेवढ्यात एलसीतल्या शर्तीशी न जुळणारा मजकूर सापडला, तर माल कितीही अव्वल असो, ती पैसे नाकारू शकते.

भाची : रागावू नका, पण मी वर्गात निभाव लागेल का ते विचारले, आणि तुम्ही बँकेत जाऊन बसलात.

मामा : तेच तर सांगतो आहे! २०१० साली आपल्या महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात का अडकली? क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अवशेष तिकडच्या मर्यादेहून अधिक निघाले म्हणून; आणि इकडे जी रसायने तपासली जात, त्यांच्या यादीत तेच नव्हते. बागाईतदाराच्या कष्टात कसूर नव्हती. खरेदीदाराच्या देशाची अट इकडच्या यादीत उतरली नव्हती, आणि तिची किंमत त्याच्या शेतमालाने मोजली. परक्याने घातलेली अट शब्दशः वाचणे आणि ती वेळेवर पुरी करणे, हाच या विद्येचा निम्मा अभ्यासक्रम आहे. जुनी दप्तरे ताडून पाहण्याची सवय इतिहासाने तुला लावलीच आहे. अर्थशास्त्र व हिशेब यांची तोंडओळख मात्र वर्ग सुरू होण्यापूर्वी करून घे.

भाची : मग सुरुवात कुठून करू?

मामा : ज्या संस्थेत जायचे तिचे चालू वर्षाचे माहितीपत्रक आण आणि अखेरच्या ओळीपर्यंत वाच, मागच्या वर्षीचे नको, आणि मैत्रिणीने सांगितलेलेही नको. ज्याला आपल्याच प्रवेशाच्या अटी वाचण्याचा कंटाळा येतो, त्याने दुसऱ्याच्या मालाच्या अटी वाचण्याच्या धंद्यात पडू नये.