आधी भिंतीतला प्लग, मग कॅबिनेट

कोकणातल्या कट्टा बाजारात मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. वराड-पेंडूरपासूनची मुलं मांडीवर कॅबिनेट घेऊन रिक्षातून उतरतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: "काका, गेम रंगात इलो की बंद पडता, मगे आपणच चालू होता." घरच्यांनी काजू-आंब्याच्या हंगामातून पैसे बाजूला काढून हे मशीन घेतलेलं असतं. अशा घराला अंदाजाने एकेक पार्ट बदलायला लावणं मला पटत नाही. म्हणून हे काही बोल, कामातून उमगलेले.

१. पहिलं हत्यार म्हणजे वही. मशीन कधी बंद पडलं, कुठला गेम चालू होता, निळा स्क्रीन आला की सरळ अंधार झाला, घरात तेव्हा आणखी काय चालू होतं, हे सगळं लिहा. एका मुलाने अशी नोंद ठेवली आणि बंद पडण्याच्या वेळा रोज संध्याकाळच्याच निघाल्या. उलगडा केला तो त्याच्या आईने. "पंपाचो आवाज इलो की ह्याचो कॉम्प्युटर जाता," ती म्हणाली. खालच्या पोफळीच्या बागेतली मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढायची आणि त्या क्षणी घरातला व्होल्टेज खाली जायचा. ग्राफिक कार्ड जोरात चालू असेल तेव्हाच तो धक्का मशीनला सोसत नसे. कॅबिनेट उघडून हे कधीच सापडलं नसतं.

२. आपल्याकडे विजेवर पहिला संशय घ्या. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, त्यात सहा टक्के वर-खाली धरलं तर साधारण २१६ ते २४४. वायरमनला बोलावून मीटर लावायला सांगा, तोही गेम चालू असताना. स्वतः सॉकेटमध्ये मीटरच्या पिना घालू नका. न्यूट्रल सैल असेल तर घरातला दिवा मंद-प्रखर होताना दिसतो. कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर बहुधा अर्थिंग पोचत नाही. जांभ्या दगडाची आपली जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि पावसाळ्यात ठीक वाटणारं अर्थिंग तेव्हा कमकुवत पडतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं हे घरच्या माणसाचंच काम आहे.

३. यूपीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस सहसा ३६० वॅटच पेलतो, आणि चांगलं गेमिंग मशीन भर गेममध्ये चारशे-पाचशे वॅट ओढतं. डेस्कटॉपवर असताना लाईट गेली तर यूपीएस तगतो, गेममध्ये गेली तर नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. पुष्कळ इन्व्हर्टरना तिथे 'यूपीएस' आणि साधा असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जो क्षण लागतो, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं. बटण फिरवायला खर्च शून्य.

४. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की मुलं नवा एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, मागवतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. कारण त्यात नसतं. त्यापेक्षा सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये, स्टार्टअप अँड रिकव्हरीखाली, 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढून टाका. आता निळा स्क्रीन येऊन थांबला तर त्यावरचा कोड लिहून घ्या आणि ड्रायव्हर, रॅम यांच्या मागे लागा. निळा स्क्रीन न येता सरळ अंधार झाला तर वीज, एसएमपीएस, उष्णता किंवा बोर्ड.

५. प्रोसेसरची आणि ग्राफिक कार्डची चाचणी वेगवेगळी घ्या. फक्त प्रोसेसरवर ताण दिला, मशीन टिकलं. फक्त कार्डावर दिला, टिकलं. दोन्हींवर एकदम दिला आणि गेलं, तर माझं बोट एसएमपीएसकडे जातं. नवी कार्डं क्षणाच्या अंशापुरती त्यांच्यावर लिहिलेल्या वॅटच्या पुष्कळ वर उडी मारतात. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने म्हणूनच अशा झटक्यांचा विचार केला. कार्डाला दोन आठ-पिनी जागा असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलच्या दोन तोंडांवर भागवू नका. आणि एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात.

६. लाल धूळ. कॅबिनेटचा दरवाजा काढला की हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ, कापसासारखे तंतू आणि पावसाळी दमट हवा यांचा मिळून एक लाल थर बसलेला असतो, गोधडीसारखा जाड. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. थर्मल पेस्ट सुकून भुकटी झाली असेल तर बदला. मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात, त्यांचीही पाहणी करा.

७. मुंबईहून आलेलं मशीन. २०२० नंतर घरून काम करायला पुष्कळ चाकरमान्यांनी आपले पीसी गावी आणले, अजूनही गणपतीत कुणी ना कुणी आणतोच. "तिथे नीट चालायचं" हे खरं असतं. पण बस किंवा रेल्वेच्या प्रवासात जड ग्राफिक कार्ड स्लॉटमधून सैल होतं, रॅम हलते. कार्ड काढून वेगळं गुंडाळून आणावं. आल्यावर रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या पुसून परत बसवाव्यात. रॅमचा संशय राहिलाच तर बायोसमधलं एक्सएमपी (रॅमचा जादा वेग) बंद करा, एकेक काडी लावून रात्रभर मेमटेस्ट चालवा. एक जरी चूक दाखवली तरी काडी खराब समजावी.

८. दोष कधीकधी खरंच कारखान्यातला असतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे गेम कोसळत होते. कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य करून नवा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर आधी बायोस अपडेट करा, बिल जपून ठेवा. मात्र वळवाचे ढग आलेले असताना बायोस अपडेटला हात घालू नका, मध्येच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

९. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, स्विच बंद करून भागत नाही. राऊटरची नेटवर्क केबलही काढा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर इथल्या गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा खंडानंतर लाईट आली की पहिला तासभर मशीन लावू नये, व्होल्टेज स्थिर व्हायला वेळ लागतो.

१०. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग पुन्हा तोच गेम तेवढाच वेळ चालवा. घाईत रॅम, ड्रायव्हर आणि एसएमपीएस एकदम बदलले तर मशीन बरं होईलही, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि चांगला पार्ट भंगारात जातो. आईवडिलांनाही एक सांगणं आहे. "गेम खेळून बिघडवलंस" असं मुलाला बोलू नका. गेम खेळल्याने चांगलं मशीन रीस्टार्ट होत नाही. त्याला वही द्या. दुकानात येताना कॅबिनेटबरोबर ती वही, बिल आणि घरची तीच पॉवर केबल आणा. केबल सैल असल्याचं मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि त्याचे मी पैसे घेत नाही.