चिमटीतली एकाग्रता

जीएसटीची रिटर्न्स भरायला बसलं की माझं बूड खुर्चीला टिकत नसे. एका बिलावरून दुसऱ्यावर, तिथून मोबाइलवर, मग उगाच कुणाला तरी फोन. तंबाखूचा बार दाढेखाली गेला की मात्र आकडे जुळू लागत. म्हणून ‘तंबाखूचा काही उपयोग नाही’ असं सांगणाऱ्यांवर माझा कधी विश्वास बसला नाही, आजही नाही. उपयोग होतो, तिथंच तर माणूस अडकतो.

चुन्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात शिरतं. मेंदूत डोपामिन वाढतं, लक्ष लागतं. दोनेक तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि मन पुन्हा भरकटतं. हे भरकटणं मूळचं की तंबाखू उतरल्याचं, हे आतून कळत नाही. माझे निम्मे बार तरी आधीच्या बाराने पाडलेला खड्डा बुजवण्यात जात असावेत.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तंबाखूचं नंतर विचारलं. आधी विचारलं, ‘शाळेत कसे होता?’ मी घरी फोन लावला. आई म्हणाली, ‘डबा, छत्री, दप्तर, काय म्हणून विसरला नाहीस? गणिताच्या पेपरात शेवटचं पान कोरं.’ मोठेपणी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराचं, निदान करतानाही वयाच्या १२ वर्षांआधीच्या खुणा शोधतात. तंबाखू मी कॉलेजात धरली. छत्र्या त्याआधीच हरवत होत्या.

‘मळल्याशिवाय डोकं चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी म्हणून आधी जुनी प्रगतिपुस्तकं काढावीत, घरातल्या मोठ्यांना विचारावं. तंबाखू सोडल्यावर पहिला आठवडा फार वाईट जातो. चिडचिड होते, एक ओळ धड वाचवत नाही. तेवढ्यावरून ‘मला ही लागतेच’ असा निकाल देऊ नका. तीन-चार आठवड्यांनंतरही जे उरेल, ते डॉक्टरांना नीट सांगा. सोडायचा दिवस निवडताना आमच्या धंद्यातल्यांनी रिटर्न्स भरायची, महिन्याची २० तारीख टाळावी. (निवांत दिवस आम्हाला कधीच नसतो, हेही खरं.)

एडीएचडीवर मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन ही औषधं आहेत, पण रक्तदाब आणि हृदयाचं पाहून डॉक्टरांनी दिली तरच. मित्राच्या पाकिटातली गोळी नको. तंबाखू सोडण्यासाठीचा निकोटिनचा गम साध्या च्युइंगगमसारखा चघळत बसलात तर उचक्या लागतील. तोंडात झिणझिण्या आल्या की तो गालात दाबून ठेवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. तंबाखू सोडण्याच्या सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर लक्ष लागण्या-न लागण्याचं नंतर बघा. आधी दाताच्या डॉक्टरांकडे जा.