पाणी कुठे मुरतंय? जुनी एस-क्रॉस घेण्यापूर्वी

मारुतीची एस-क्रॉस २०१५ साली नेक्साची पहिली गाडी म्हणून आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. ना धड हॅचबॅक ना धड एसयूव्ही, म्हणून नवी असताना गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. जुन्या बाजारात हेच आपल्या पथ्यावर पडतं: ऐसपैस गाडी, हायवेला स्थिर चाल आणि भाव सहसा त्याच सालच्या क्रेटापेक्षा कमी. फक्त इंजिन आधी ठरवा. शहरातल्या शहरात फिरणं असेल तर २०२० नंतरची १.५ पेट्रोल. वरचेवर पुणे-कोल्हापूर होत असेल तर १.३ डिझेल, तेच इंजिन स्विफ्ट-डिझायरमध्ये असल्याने कुठल्याही गॅरेजवाल्याला पाठ आहे. २०१७ पर्यंत मिळणारं १.६ डिझेल पळायला झकास, पण पार्टसाठी वणवण करायची तयारी नसेल तर मोह टाळा.

कागद गाडी बघायला जाण्याआधीच तपासा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर ‘हप्ते केव्हाच फिटले’ यावर विसंबू नका. बँकेची एनओसी आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ हातात हवा. थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. महाराष्ट्राचा रोड टॅक्स किमतीत मिळवा, मग स्वस्ताई किती उरते ते पाहा.

मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी या, कारण थंड इंजिन खोटं बोलत नाही. सेल्फ मारल्यावर होणारी खडखड काही क्षणांत बसली पाहिजे. बसली नाही तर टायमिंग चेनची शंका घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, तर पुढचं बघायची गरज नाही.

आता पुराची गाडी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊनपुसून, नवे सीट कव्हर चढवून विकायला निघते. कव्हरकडे बघूच नका. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत ओढा. वरचा पट्टा स्वच्छ आणि गुंडाळून राहणारा शेवटचा भाग मातकट, त्यावर आडवी रेघ, असं दिसलं की कुठे पाणी मुरलंय ते कळलं. सीट मागे सरकवून सीटच्या रेलचे बोल्ट बघा, डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा. दोन्हीकडे सारखाच गंज असेल तर तो दमट हवेचा नव्हे. नाकाने वासही घ्या. परफ्यूमचा भडिमार हीसुद्धा एक खूणच.

ठोकलेली गाडी ओळखायला दाराचं रबर बीडिंग थोडं ओढून बघा. खालचे वेल्डिंगचे ठिपके एकसारखे, सम अंतरावर हवेत. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडाला असेल तर पाना लागलेला आहे. बंपर बदललेला असणं मात्र मनावर घेऊ नका, आपल्या पार्किंगमध्ये बंपर कोणाचा शाबूत राहतो?

किलोमीटरचा आकडा शेवटी वाचा. मीटर चाळीस हजार सांगतोय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर पेडलवर विश्वास ठेवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मालकाला काढून द्यायला लावा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. टायरचं वयही मीटरशी ताडून बघा: टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

चालवताना काच बंद, गाणी बंद. १.३ डिझेल दोन हजार आरपीएमखाली सुस्त असतं, तो त्याचा स्वभाव. त्यापुढेही ओढ घेत नसेल तर टर्बो दाखवून घ्या. चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच संपलाय. स्पीडब्रेकरवरची कटकट बहुधा लिंक रॉड किंवा बुशची असते. ते खर्च फार नाहीत, पण भाव पाडायला उपयोगी.

पसंत पडली तरी तुमचा मेकॅनिक गाडी रॅम्पवर चढवून खालून बघेपर्यंत टोकन देऊ नका. व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, कोऱ्या फॉर्मवर नव्हे, भरलेल्या. विमा चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज टाका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल. मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा आणि ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, म्हणजे सकाळचं चलन कोणाचं यावरून संध्याकाळी फोनाफोनी होत नाही.