कॉसमॉसची रोपे रात्रीत नाहीशी होतात तेव्हा

संध्याकाळी ट्रेमध्ये ताठ उभी असलेली कॉसमॉसची रोपे सकाळी दिसत नाहीत. मातीच्या वर बोटभर देठ तेवढे उरलेले असतात आणि ट्रेच्या काठावर वाळलेल्या लाळेचा चकचकीत माग. रत्नागिरीपासून लांजा-राजापूरपर्यंत परसात फुलझाडांचा वाफा धरणाऱ्या घरांतून श्रावण-भाद्रपदात ही तक्रार ठरलेली असते. बरेच जण दोष बियाण्याला देतात. बी भाकड निघाले, दुकानदाराने फसवले, असे म्हणत दुसरे पाकीट आणतात आणि तेही त्याच जागी, त्याच मातीत टाकतात. बी उगवलेले असते. ते शंखी गोगलगायीने खाल्लेले असते.

औषध शोधण्याआधी चोर ओळखावा. मर रोगाने गेलेले रोप मातीलगत पिचते, आडवे होते, पण जागेवरच पडून राहते. रोपे कुरतडणारी अळी देठ कापते आणि शेंडा तिथेच टाकून जाते. गोगलगाय मात्र पाने आणि कोवळा शेंडा संपवते आणि मागे लाळ ठेवते. लाळ दिसली की बुरशीनाशकाची बाटली उघडण्याचे कारण उरत नाही, तरी दरवर्षी ती उघडली जाते.

ही गोगलगाय इथली नव्हे. मूळ पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने १८४७ साली मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि तिथल्या एका बागेत सोडल्या. भारतातला तिचा पसारा तिथून सुरू झाल्याचे मानले जाते. दोनाचे इतके कसे झाले, याचे उत्तर तिच्या शरीरातच आहे. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, म्हणजे कोणतीही दोन जनावरे एकत्र आली की पुरते. एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत अंडी ती ओलसर मातीत घालते. साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी अंडी, एकाच जागी पुंजक्याने. आठवडा-दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. एकदा जोडी जमली की त्यावर ती महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा अंडी देऊ शकते. आयुष्य पाच-सहा वर्षांचे.

कोकणातली फुलशेती परसापुरती, म्हणून हा प्रश्नही परसापुरता, असे समजणाऱ्यांनी २०२२ चा खरीप आठवावा. लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात याच गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. शेतकऱ्यांवर दुबार आणि काही ठिकाणी तिबार पेरणीची पाळी आली, आणि शासनाला गोगलगायींच्या नुकसानीपोटी भरपाई द्यावी लागली. तो कमी पावसाचा मुलूख. इथे तर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, जागोजागी जांभ्याचे गडगे, आगरात कुजणाऱ्या झावळ्या आणि माडांच्या बुंध्याशी रचलेली सोडणे. गोगलगायीला याहून सुखाची जागा मिळायची नाही. जांभ्याच्या लाल मातीत चुना कमी असतो आणि शंख बांधायला तिला चुनाच लागतो. पावसाळ्यात ती घराच्या चुन्याच्या भिंतीवर आणि गिलाव्यावर चढलेली दिसते, ती त्यासाठीच.

पाऊस थांबून दगड ओले असताना, रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला बॅटरी घेऊन गडग्यापाशी उभे राहिले की सगळा प्रकार डोळ्यांसमोर घडतो. दगडांच्या फटींतून आधी पुढची शिंगे येतात, मग अंग, मग शंख. एकेक जनावर सावकाश खाली उतरते आणि वाफ्याच्या दिशेने निघते. जिभेवर हजारो बारीक दात असतात. त्यांनी ती पान खरवडून खाते. कॉसमॉसची पहिली दोन पाने अरुंद, देठ दोऱ्यासारखा. झेंडूचे रोप थोडे तरी तग धरते, कॉसमॉसचे एका बैठकीत जाते. उजाडायच्या आत जनावर परत फटीत. दिवसा वाफ्यात हिंडून «इथे गोगलगाय नाही» असे सांगणाऱ्यांच्या सांगण्याला काही अर्थ नाही.

आता घरगुती उपायांबद्दल. वाफ्याभोवती राख टाकणे हा सर्वांचा आवडता. कोरडी राख थोडा वेळ अडवते, पण पहिल्याच सरीने तिचा चिखल होतो आणि गोगलगाय त्यावरून चालत जाते. चुन्याच्या पट्ट्याचेही तेच. उघडिपीचे दोन दिवस असतील तर त्याचा उपयोग, एरवी नाही. अंड्यांची टरफले चुरून पसरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की टरफल म्हणजे निव्वळ चुनखडी, आणि गोगलगाय चुनखडीसाठीच भिंती खरवडते. तिला अडवायचे म्हणून तिचे खाद्यच पुरवले जाते. मिठाचा प्रकार त्याहून वाईट. वाफ्यात मीठ फेकल्याने गोगलगायी मरतात हे खरे, पण ते मीठ मुळांशी जाते आणि रोपे करपतात. समुद्राकाठच्या आगरात खाऱ्या पाण्याला बांध घालून थोपवणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने वाफा खारट करावा, याला काय म्हणावे?

सर्वांत घातक सवय कीटकनाशक फवारण्याची. गोगलगाय कीटक नाही. आंब्यावर तुडतुड्यासाठी आणलेले उरलेसुरले औषध तिच्यावर मारले तर ती शंखात शिरते, तोंडावर फेस आणते आणि रात्री पुन्हा बाहेर पडते. मरतात त्या मधमाश्या. त्याच मधमाश्या पुढे आंब्याच्या मोहोरावर यायला हव्या असतात. हे दरवर्षी सांगूनही फवारणी थांबत नाही, म्हणून इथे पुन्हा सांगितले आहे.

खरा उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: रोज वेचणे. गूळ घातलेल्या पाण्यात गोणपाट भिजवावे, पिळून वाफ्याच्या कडेने आणि गडग्याच्या पायथ्याशी संध्याकाळी अंथरावे. त्याखाली कोबीचा पाला, पपईची साल, काकडीची सोले ठेवली तर अधिक बरे. पहाटे उजाडण्यापूर्वी गोणपाट उचलले की खाली गोगलगायी जमलेल्या सापडतात. त्या बादलीतल्या दाट मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मेल्यावर घरापासून आणि विहिरीपासून दूर दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात, आणि बादलीतले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. पायाखाली चिरडून टाकणे हा उपाय नव्हे, कारण मोठ्या गोगलगायीच्या पोटात अंडी असू शकतात. गडग्यापलीकडे शेजाऱ्याच्या आवाटात भिरकावणे हा तर अपराध मानावा. दोन रात्रींत ती परत येते, आणि येताना एकटी येत नाही.

वेचताना हातमोजे हवेत. नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी. उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी या गोगलगायींमध्ये वाढतो आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. मुलांना शंख गोळा करायला लावणे म्हणूनच बंद करावे. परसातली पालेभाजी, कोथिंबीर, पुदिना स्वच्छ धुतल्याशिवाय कच्चा खाऊ नये.

मेटाल्डिहाईड या गोगलगायनाशकाच्या २.५ टक्के गोळ्या शिफारशीत आहेत, पण त्यांचे प्रमाण एकरी २ किलो, म्हणजे गुंठ्याला ५० ग्रॅम. गुंठाभर जागेत मूठ मूठ गोळ्या पेरलेल्या दिसतात, त्या शुद्ध नासाडी आहेत. पाऊस चालू असताना टाकल्या तर गोळी विरघळते आणि विष खाल्लेली गोगलगायसुद्धा पाण्याने पुन्हा उठते. दोन दिवस उघडीप आहे असे दिसले तरच संध्याकाळी, वाफ्याबाहेर तिच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने ठेवाव्यात. कुत्री, मांजरे, कोंबड्या त्या खातात आणि मरतात. म्हणून गोळ्या उलट्या करवंटीखाली, कडेला लहानशी फट ठेवून लावाव्यात. भारद्वाज पक्षी गोगलगायी खातो आणि त्याचे पोट बरेचसे इथल्या गडग्यांवरच भरते. त्याच्या जागेत विष टाकताना दहादा विचार करावा.

रोपांचे ट्रे जमिनीवर ठेवण्याचा हट्ट सोडला तरी निम्मे काम होते. पडवीत लाकडी किंवा लोखंडी मांडणीवर ट्रे ठेवावेत, मांडणीचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत, आणि भिंत, वेल किंवा झावळी मांडणीला टेकणार नाही हे पाहावे. तांब्याची पट्टी पायाभोवती गुंडाळली तर गोगलगाय सहसा ओलांडत नाही. बाहेरून आणलेली कुंडी, शेणखत, कोकोपीट, वाळू, जांभा तपासल्याशिवाय घरात घेऊ नये. अंडी बहुतेक वेळा अशाच मालाबरोबर येतात. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी अमेरिकेतल्या मायामीला नेल्या. पुढे त्यांचे सुमारे १८ हजार जीव सापडले, आणि १९७५ मध्ये त्या संपल्याचे जाहीर होईपर्यंत सरकारला घरोघर वेचणी करावी लागली. अशी वेचणी एकही आवार न सोडता केली तरच यशस्वी होते. वाडीत चार घरांनी वेचल्या आणि पाचव्याने झावळ्यांचा ढीग तसाच ठेवला, तर चार घरांचे श्रम पाण्यात. ही गोष्ट वाडीच्या बैठकीत ठरायला हवी.

कॉसमॉसचे वेळापत्रकही या जनावराप्रमाणे बदलावे. गुलाबी-पांढरा कॉसमॉस दिवस लहान होऊ लागले की लवकर फुलतो. त्याला भर पावसात जमिनीत पेरण्याची घाई नको. उत्तरा नक्षत्रात ट्रेमध्ये बी अर्धा-पाऊण सेंटिमीटर खोल टाकावे. आठ-दहा दिवसांत उगवण होते. हस्ताचा पाऊस ओसरला, चार खरी पाने आली, की एकेक फुटावर रोपे लावावीत. तोवर गोगलगायींचाही जोर कमी होतो आणि तुळशीच्या लग्नानंतर फुलदाणीसाठी कापायला फुले येऊ लागतात. वाफ्यात शेणखत बेताचे घालावे. युरिया टाकला तर पाला वाढतो, झाड वाऱ्यात लोळते आणि फूल लांबते. बाकी शेंडा खुडणे, काठी लावणे, सकाळी अर्धवट उमललेली फुले कापणे ही कामे फूलवाल्यांना सांगायला नकोत.

पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसबद्दल मात्र सांगावेच लागेल. तो दुष्काळातही टिकतो, गुराढोरांना आवडत नाही, आणि बी पडले की आपोआप पसरतो. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला तो कसा माजला आहे, ते वनस्पती अभ्यासक सांगत आले आहेत. रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात कोकण दिपकाडी आणि इतर स्थानिक फुले मातीच्या पातळ थरात उगवतात. तिथे हे बी पोहोचले तर ते उपटायला कुणी येणार नाही. सड्याला लागून घर असेल तर पिवळा कॉसमॉस लावूच नये. इतरांनी त्याची सुकलेली फुले बी धरण्याआधी कापावीत. «सडा फुलांनी भरून टाकू» म्हणत बीजगोळे फेकण्याचे उपक्रम करणाऱ्या मंडळांनी पिवळ्या कॉसमॉसचे बी ताबडतोब वगळावे.

पाऊस संपला की गोगलगाय मरत नाही. ती शंखाचे तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करते आणि गडग्याच्या फटीत, सोडणांच्या ढिगात, पाण्याच्या टाकीमागे महिनोन्‌महिने निजून राहते. तेव्हा ती पळत नाही, लपत नाही, आणि दिवसाउजेडी हाताला लागते. कार्तिक-मार्गशीर्षात पातेरा लोटताना हे ढीग एकदा उपसून काढावेत. वैशाखाच्या उन्हात वाफ्यांची माती वरखाली करून तिथे निजलेल्या गोगलगायी उघड्या पाडाव्यात. मृगाच्या पहिल्या दोन रात्री बॅटरी आणि बादली घेऊन बाहेर पडावे, कारण पावसाळा संपल्यापासून निजलेली पहिली फळी त्याच रात्री बाहेर येते आणि तिने अजून अंडी घातलेली नसतात.