साहेबाचे ओटे

विद्यार्थी मित्रांनो, जव्हार-मोखाड्याहून निघालेली तुमची सहल कधी विजयदुर्गास गेली, तर तटबंदी आणि समुद्र पाहून लगेच परतू नका. किल्ल्यात काही ओटे आहेत. गावकरी त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. दिसायला अगदी साधे, पण ते सूर्याच्या अभ्यासासाठी पडलेल्या एका छावणीची खूण आहेत.

हे साहेब म्हणजे इंग्लंडचे ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. खग्रास पट्टा दक्षिण कोकणातून देशावर शिरून ईशान्येकडे गेला. जव्हार-मोखाडा पट्ट्याबाहेर, उत्तरेस असल्याने तेथे ग्रहण खंडग्रासच होते. लॉकियर यांनी विजयदुर्गावर तळ दिला. पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी आपली उपकरणे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे मांडली.

आता ओटे कशासाठी, ते पाहू. आकाश २४ तासांत ३६० अंश फिरल्यासारखे दिसते. म्हणजे तासाला १५ अंश, मिनिटाला पाव अंश. सूर्यबिंबाची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. तेव्हा दोन मिनिटांत सूर्य आपल्या रुंदीइतका सरकतो. विजयदुर्गावर खग्रास अवस्थाही सुमारे दोन मिनिटांचीच होती! दुर्बीण स्थिर ठेवली, तर छायाचित्र फरफटलेले येईल. म्हणून घड्याळासारख्या यंत्राने सूर्याचा पाठलाग करावा लागतो. असे यंत्र हलत्या जमिनीवर किंवा मऊ मातीवर ठेवून चालत नाही. त्याला भक्कम बैठक लागते.

शिवाय दोन मिनिटांत एकट्या माणसाने काय काय करावे? मेल्पोमिनी या युद्धनौकेवरील खलाशी व अधिकारी स्वेच्छेने मदतीस आले. कोणी वेळ पुकारायची, कोणी काचा बदलायच्या, कोणी सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचे चित्र काढायचे, याची तालीम त्यांनी आधी केली. त्या छावणीचे पहिले स्वयंसेवक हेच.

आजचे स्वयंसेवक म्हणजे या ओट्यांची आठवण जागी ठेवणारे स्थानिक इतिहासप्रेमी. त्यांच्या प्रयत्नामुळे विजयदुर्गावर १८ ऑगस्टला ‘हेलियम दिन’ साजरा होऊ लागला. त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. पण येथे एक प्रश्न उभा राहतो. ओटे १८९८ च्या छावणीचे, मग १८ ऑगस्ट ही तारीख कोठून आली?

ती तारीख १८६८ च्या खग्रास ग्रहणाची आहे. त्याही ग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणावरून गेला होता. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सौरज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा पाहिल्या. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी तेथूनच, ग्रहण नसताना, सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा सुमारे ५८७६ अँगस्ट्रॉमवर होती. सोडियमच्या रेषा ५८९० आणि ५८९६ वर येतात. म्हणजे ही रेषा सोडियमची नव्हे. ती नव्या मूलद्रव्याची, हेलियमची, ठरली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत.

‘लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ हे विधान म्हणूनच बरोबर नाही. दोन ग्रहणे, एकच साहेब आणि एकच किनारा, यांमुळे तीस वर्षांचे अंतर पुसले गेले. कागदपत्रे हाताशी नसली तरी तुम्हाला शंका यायला हवी होती. १८ ऑगस्टला कोकणात आकाश कसे असते, हे जव्हार-मोखाड्याच्या मुलांना सांगायला नको! मोठी उपकरणे घेऊन कोणी ज्योतिर्विद भर पावसाळ्यात किनाऱ्यावर तळ देईल काय? जानेवारीचे निरभ्र आकाश मात्र तळाला अगदी योग्य.

यामुळे ओट्यांचे मोल कमी होते काय? मुळीच नाही. हेलियमच्या शोधकाने पुढे जेथे सूर्याचा वर्णपट टिपला, ती ही जागा. ज्यांनी तिची आठवण जपली, त्यांनी आपल्याला तपासण्यासाठी पुरावा राखून ठेवला. ओटेच नाहीसे झाले असते, तर तारीख तपासण्याचे कोणाला सुचले असते? त्यांच्या कामाचा खरा मान म्हणजे हार घालून थांबणे नव्हे. ओट्यांची मापे घेणे, नकाशा काढणे, वृद्धांच्या आठवणी तारखेसह लिहून घेणे आणि ऐकीव गोष्ट व लेखी पुरावा वेगळ्या रकान्यांत मांडणे, हा होय. शिक्षकांनी सहलीत एवढे करून घ्यावे.

आणि स्वतःच्या गावीही एक नोंदवही सुरू करा. २ ऑगस्ट २०२७ रोजी सायंकाळच्या सुमारास पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसायचे आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका; पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून कागदावर प्रतिमा घ्या. जागा, वेळ, निरीक्षकांची नावे आणि आकाशाची स्थिती लिहा. ढगांनी सूर्य झाकला, तर तेही वेळेसह लिहा. १८९८ आणि १८६८ यांत आपला घोटाळा झाला. तुमच्या वहीवरून पुढे कोणाचा होऊ नये.