छपरावरील सूर्यशक्ति आणि विश्वासू कंपनी
बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें अगोदर बसून खर्चाचा हिशेब करावा, हा शुभवर्तमानांतील बोध आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. छपरावर सोलर पॅनेल बसवितांनाहि तोच लागू पडतो.

आम्हीं केवळ स्वस्त म्हणून एका कंपनीस काम दिलें. पहिल्याच पावसाळ्यांत इन्व्हर्टर बंद पडला आणि फोन कोणी उचलीना. म्हणून पालकांस चार गोष्टी सुचवितों.

पहिली, कंपनी ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेच्या सरकारी यादींत असावी. २०२४ सालच्या ह्या योजनेंत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरलें असून तें ग्राहकाच्याच बँकखात्यांत जमा होतें. तें मिळवून देण्यासाठीं वेगळे पैसे मागणाऱ्यास दारांतूनच परत पाठवावें.

दुसरी, एक किलोवॅटपासून दिवसास सरासरी सुमारें चार युनिट वीज मिळते. दुप्पट सांगणारा अज्ञानी तरी असतो, नाहीं तर लबाड.

तिसरी, पॅनेल, इन्व्हर्टर व बसविण्याचें काम ह्यांची हमी, तसेंच पांच वर्षांची देखभाल, निरनिराळी लिहून घ्यावी.

चौथी, त्या कंपनीचे जुने ग्राहक गांठून बिघाडानंतर माणूस किती दिवसांनीं आला, हें विचारावें.

मुलांनो, तीन किलोवॅटचा महिन्याचा हिशेब आज घरीं मांडून दाखवा. गोड बोलण्यापेक्षां त्रैराशिक अधिक विश्वासू असतें.