नदीकाठची घरटी व शाळेचे राखणदार
(परिसर-अभ्यास : इयत्ता ४ थी व ५ वी)

हेतू. जमिनीवर वीण करणाऱ्या पक्ष्यांची ओळख करून देणे व त्यांच्या रक्षणाचे काम मुलांनी स्वेच्छेने पत्करावे, अशी प्रेरणा देणे.

माहिती. घरटे झाडावरच असते, अशी मुलांची समजूत असते. टिटवी मात्र उघड्या रानात, खड्यांच्या उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालते. नदी सुरय हा पक्षी नदीपात्रातील वाळूच्या बेटांवर वीण करतो. जगातील संकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते. वाळूउपसा, मोकाट कुत्री व धरणातून अवेळी सुटणारे पाणी ही त्याची मुख्य संकटे होत. वारंगा फाट्याच्या परिसरातील शाळांना कयाधूचा काठ दूर नाही. टिटवी तर पडीक रानात सर्वत्र आढळते.

विवेचन. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने समुद्रकासवांची अंडी राखली. कासवीण अंडी पुरून निघून जाते; म्हणून ती कुंपणात हलविता येतात. पक्ष्यांच्या अंड्यांस मात्र आईबापांची ऊब व सावली लागते. ती हलविली की पिल्लांची आशा संपते. वैशाखाच्या उन्हात टिटवी पोटाची पिसे भिजवून आणते व अंडी थंड राखते. कौतुकाने जमलेल्या मुलांमुळे ती दूर राहिली, तर अंडी उन्हाने वाया जातात. दयेलाही विवेकाची जोड हवी, हे येथे मुलांच्या मनावर ठसवावे.

कृती. वीण ऐन उन्हाळी सुटीत येते. म्हणून राखणदारांची निवड परीक्षेपूर्वीच करावी. एका वडीलधाऱ्या माणसासोबत दोन मुले, अशी जोडी असावी. त्यांनी सकाळ-सायंकाळ दुरूनच पाहावे. पक्षी ओरडून घिरट्या घालू लागल्यास मागे सरावे. घरट्याजवळ खूण रोवू नये. कावळ्यांचे लक्ष जाते. वखरपाळीपूर्वी शेतकऱ्यास भेटून तेवढी जागा सोडण्याची विनंती करावी. कुत्री व गुरे वळवावीत. वाळू काढणारे आढळल्यास मुलांनी वाद न घालता शिक्षकांस सांगावे. शिक्षकांनी ते तलाठ्यांस कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्ष्यांची अंडी उचलणे हीदेखील शिकारच होय, हे पालकांस समजावून द्यावे.

प्रश्न. (१) टिटवीची अंडी चटकन का दिसत नाहीत? (२) कासवाची अंडी हलविता येतात, पक्ष्याची का नाहीत?

टिटवी देखील समुद्र आटविते, अशी आपल्याकडे म्हण आहे. शिक्षकबंधुभगिनींनो, तिच्या चार अंड्यांची राखण चार मुलांनी केली, तरी या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.